सायलर आडनावाची चौकशी

पुण्यात इंजिनिअरिंग करत असताना मी संध्याकाळी सायकल हाणत जर्मनच्या वर्गाला जायचो. का जायचो ते विचारू नका. वर्गातली अर्धी मुलं जात होती म्हणून मीही जात होतो. दोन परीक्षा पास झालो, तिसरीला गटांगळी खाल्ली आणि पुढची चौदा वर्षं त्या भाषेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती विद्या कामाला आली ती २००६ साली, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये, आणि तीही दुसऱ्याच्या लग्नात.

लग्न काकूंच्या मुलीचं होतं. काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. वीस वर्षं त्या गावात राहिलेल्या, म्हणून तिथल्या समस्त मराठी माणसांच्या काकू. आम्ही नवरा-बायको २००१ मध्ये चार बॅगा घेऊन उतरलो तेव्हा पहिला कुकर त्यांनी दिला. बायको बाळंत झाली तेव्हा अळिवाचे लाडू त्यांनी केले. आता आमची मुलगी पाच वर्षांची झाली होती, दुपारी तीन ते सहा त्यांच्याकडेच असायची, त्यांना आजी म्हणायची आणि आमच्या घरी ज्या वरणभाताला नाक मुरडायची तोच त्यांच्या हातचा गपागप खायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी काकूंची टिंगल करणार आहे आणि खाल्ल्या घरचे वासे मोजतोय असं कोणी म्हणायला नको.

मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होतो तेव्हा त्यांचा फोन आला.

"अरे, तू पुण्यात जर्मन केलंयस ना?"

"थोडंसं केलंय, काकू."

"मग सायलर म्हणजे काय ते सांग. जावयाचं आडनाव रे. प्रोग्रॅम बुकमध्ये टाकायचंय, पुढच्या शुक्रवारी प्रिंटला जातंय."

प्रोग्रॅम बुक हा तिथल्या लग्नांमधला प्रकार. अंतरपाट का धरतात, अक्षता का टाकतात, नवऱ्यामुलाचा कान का पिळतात हे अमेरिकन पाहुण्यांना कळावं म्हणून छापलेली आठ-दहा पानांची पुस्तिका. काकूंनी तिच्यात 'उभय घराण्यांचा परिचय' असं एक खास पान घातलं होतं. त्यांचं अर्धं पान केव्हाच तयार होतं. आडनाव वतनाचं, गावचं दप्तर लिहिणाऱ्याचं; मग सात पिढ्यांची नावं, कुलदैवत, गोत्र, प्रवर, सगळं. उरलेलं अर्धं पान कोरं होतं आणि त्यावर जर्मनी भरायचं काम माझ्याकडे आलं होतं.

जावयाबद्दल काकूंचा एक सिद्धांत होता. मुलीने पहिल्यांदा अमेरिकन मुलाबद्दल सांगितलं तेव्हा त्या घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं की मुलगा मूळचा जर्मन, आणि काकूंनी पोळ्या लाटायला घेतल्या. जर्मन म्हणजे कोण? ज्यांनी आपले वेद वाचले ते. संस्कृत आपल्यापेक्षा कोणाला चांगलं येतं? जर्मनांना. शिवाय डोळे. काकूंच्या माहेरी झाडून सगळे घारे, आणि मुलाचेही डोळे घारेच. "तसं बघितलं तर तो आपल्यातलाच रे," काकू मला म्हणाल्या, "मधे तीन-चार हजार वर्षं ताटातूट झाली, एवढंच." मुलाचं घराणं पाच पिढ्या ओहायोत होतं. त्यातल्या कोणालाही जर्मनचा ज येत नव्हता, आणि वेद खायचे असतात की प्यायचे हेही कोणाला माहीत नव्हतं. काकूंची त्यालाही हरकत नव्हती. विसरले असतील बिचारे, असं त्या म्हणायच्या.

काकूंच्या मुलीचा जन्म अमेरिकेतलाच. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. आईचा सिद्धांत सुरू झाला की ती कपाळाला हात लावायची. "आई, प्लीज, डोन्ट मेक इट वियर्ड," एवढंच तिचं म्हणणं असायचं.

'झाइल' म्हणजे दोर, हे मला डबा संपायच्या आतच आठवलं होतं. झाइलर, म्हणजे अमेरिकेत आल्यावर झालेला सायलर, दोराचं काहीतरी करणारा असणार. तरी खात्री करून घ्यावी म्हणून शनिवारी लायब्ररीत गेलो. तिथे आडनावांचा एक जाडजूड कोश होता. तो चाळताना माझी फार करमणूक झाली. जर्मनांची आडनावं म्हणजे निव्वळ बलुतेदारी. श्मिट म्हणजे लोहार. त्सिमरमान सुतार. श्नायडर शिंपी, वेबर कोष्टी, ट्योप्फर कुंभार, शूस्टर चांभार. मी आमचं ऑफिस डोळ्यांसमोर आणलं. सगळ्यात वर एक शिंपी. त्याच्या हाताखाली दोन लोहार आणि एक कोष्टी. माझी मॅनेजर कुंभारीण. आणि या सगळ्यांच्या खाली, छातीएवढ्या भिंतींच्या खुराड्यांत, व्हिसाचे कागद सांभाळत बसलेले पुण्या-मुंबई-नागपूरचे आमचे एकूण एक वतनदार आणि वेदमूर्ती. कुंभारणीने सकाळी "गुड जॉब" म्हटलं की त्यांचा दिवस सोन्याचा व्हायचा. मी एकटाच खुदकन हसलो. समोर वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईंनी वर पाहिलं, म्हणून गंभीर झालो.

मग सायलर सापडला. दोर वळणारा. त्यांचा संघ असायचा, गावात त्यांची स्वतःची लांबलचक सरळ गल्ली असायची, कारण दोर वळायला लांबी लागते. एक जण चक्र फिरवायचा आणि कारागीर कंबरेला ताग गुंडाळून, एकेक पदर सोडत, चक्रापासून उलट पावली मागे मागे चालत जायचा. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कंबरेला वाख गुंडाळून मागे मागे चालणारा माणूस मी लहानपणी सुट्टीत पाहिला होता. ते माझे आजोबा होते.

आम्ही मांग. कागदावर मातंग लिहितात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दोर वळणं हे आमचं काम. घायपाताची पानं ओढ्याच्या पाण्यात कुजत घालायची, ती कुजली की आमच्या वस्तीभर घाण सुटायची. मग बडवून, धुऊन, वाळवून वाख काढायचा आणि वळायला घ्यायचा. बेंदराच्या आदल्या दिवशी नवे कासरे, वेसणी, म्होरक्या घेऊन दारोदार जायचं, अंगणात लांब उभं राहायचं आणि सुपातून पडेल ते धान्य पदरात घ्यायचं. बेंदराला बैलाची पूजा व्हायची, त्याच्या नाकातल्या नव्या वेसणीलाही हळदकुंकू लागायचं. गावच्या विहिरीवरचा दोर आजोबांचा असायचा; दोर विहिरीत जायचा आणि आजोबा विहिरीपर्यंतही जायचे नाहीत. हे मला आप्पांनी, माझ्या वडिलांनी, आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि वर "तुला आता कशाला पाहिजे ते" म्हणून विषय मिटवला.

आप्पा पोस्टात लागले, पुण्याला आले आणि पहिली संधी मिळताच त्यांनी आडनाव बदललं. गॅझेटमध्ये छापून आणलं, गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि मोकळे झाले. 'कर' ही आडनावांमधली धर्मशाळा आहे, तिथे कोणीही उतरावं. विचारणाऱ्याची मात्र पंचाईत होते. मग तो वळणं घेत येतो. मूळचे कुठले? कुलदैवत कुठलं? श्रावणात तुमच्याकडे काय काय करतात? मॉरिसव्हिलमध्ये पाच वर्षं मी असल्या प्रश्नांची गुळगुळीत उत्तरं देत होतो. मंडळाच्या पहिल्याच गणपतीत आरतीचा मान आम्हाला मिळाला आणि गुरुजींनी संकल्पासाठी गोत्र विचारलं. माझी पाचावर धारण बसली. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असं कुठेतरी ऐकलेलं ऐन वेळी आठवलं. "काश्यप," मी छाती काढून म्हणालो. मागे काकू उभ्या होत्या, त्यांनी समाधानाने मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर मी पाच वर्षं काढली.

मी नक्की कशाला घाबरत होतो? नोकरी जाणार नव्हती. ऑफिसातल्या लोहारांना आणि शिंप्यांना मांग म्हणजे काय हे सांगूनही कळलं नसतं. माझी भीती दुपारी तीनची होती. आमची मुलगी काकूंच्या दारातून आत शिरायची, बूट दोन दिशांना भिरकवायची आणि थेट देवघरात जाऊन नैवेद्याच्या वाटीतली खडीसाखर तोंडात टाकायची. काकू लटक्या रागाने ओरडायच्या आणि वाटी पुन्हा भरायच्या. उद्या त्यांना कळलं आणि तो हात त्यांनी नुसता धरला, काही न बोलता नुसता धरला, तर मी काय करणार होतो? काकू असं करणार नाहीत असं मला वाटायचं. पण नुसतं वाटतं म्हणून पाच वर्षांच्या पोरीला कोणी पणाला लावत नाही. म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरून होतो.

सोमवारी मुलीला आणायला गेलो तेव्हा काकूंना अर्थ सांगितला. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"दोर वळणारे, काकू."

"दोर?"

"दोर. दोरखंड."

काकूंनी 'दोरखंड' असं स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे जहाजांचे! जहाजं काय दोराशिवाय चालतात? मॅन्युफॅक्चरिंगमध्ये होते म्हण ना."

"ते ज्या भागातून आले तिथे समुद्र नाही, काकू."

"नद्या असतील की."

"साधे कारागीर होते हो."

"साधे कसे? त्यांचा संघ होता म्हणतोस ना? म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन श्रेणी असायच्या, तसंच ते."

माझी जीभ वळवळली. "काकू, आपल्याकडे हे काम कोण करायचं?"

"आपल्याकडे?" काकूंनी खरोखरच विचार केला. "आपल्याकडे दोर बाजारात मिळायचा."

बुधवारी त्यांनी मजकूर वाचायला पाठवला. 'सायलर हे जर्मनीतील नामांकित दोरखंड-उद्योजकांचे घराणे असून युरोपच्या सागरी व्यापारात या घराण्याचा मोलाचा वाटा आहे.' खाली तेच इंग्रजीत, आणखी दोन विशेषणं लावून. राहता राहिलं गोत्र. आठवडाभर एका कंपनीचा डेटाबेस सांभाळणारे आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसणारे आमचे तेच गुरुजी. काकूंनी त्यांना फोन लावला, मी समोरच होतो. मिनिटभरात निकाल लागला. माहीत नाही ना? मग काश्यप. फोन ठेवून काकूंनी अर्ध्या पानावर ते ठळक अक्षरात लिहिलं. मांगाला जे मिळवायला घाम फुटला होता ते ओहायोच्या पाच पिढ्यांना फोनवर मिळालं. या हिशेबाने जावई आणि मी सगोत्र झालो, आणि आमच्यात आता सोयरीक होऊ शकत नव्हती, एवढंच काय ते नुकसान.

त्या उन्हाळ्यात आप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आई गेल्यावरची त्यांची ती पहिलीच खेप. लग्नाच्या आधीच्या रविवारी काकूंनी घरी मुलीचं मोठं केळवण ठेवलं, मुलाकडची माणसंही यायची होती. "वडिलांना घेऊन यायचं हं, नाही म्हणायचं नाही," त्यांनी मला तीनदा बजावलं.

आप्पांनी सकाळपासून शर्टाला दोनदा इस्त्री केली. निघताना मला म्हणाले, "दोन तासांचा तर प्रश्न आहे. कोणी विचारलं तर पोस्टात होतो म्हणायचं, पेन्शन चांगली आहे म्हणायचं. जास्त बोलायचं नाही."

"आणि गाव विचारलं तर?"

"गाव सांगू की. आळी थोडीच सांगायची आहे." सायलरचा अर्थ मी त्यांना आधीच सांगितला होता. मग हळूच म्हणाले, "तू ते जर्मन-बिर्मन काढू नको. पोरीला उद्या परत त्याच घरात जायचंय."

मला त्यांचा भयंकर राग आला. ऐंशीच्या घरातला माणूस, सात समुद्र ओलांडून आला, आणि तरी अंगणात लांब उभा राहण्याची तयारी करत होता. मग स्वतःचा राग आला, कारण त्यांनी निदान ते दिवस पाहिले होते. मी तर एसी गाडीत बसून तेच करत होतो.

काकूंच्या घरी पस्तीसेक माणसं होती. मसालेभात, अळूची भाजी, जिलब्या, आणि अमेरिकन मंडळींसाठी तिखट काढून टाकलेली, त्यामुळे कशाचीच चव न लागणारी बटाट्याची भाजी. मुलाचे आजोबा ओहायोहून दोन दिवस गाडी चालवून आले होते. उंच, हाडापेराने मजबूत, जन्मभर मशीन शॉपमध्ये काम केलेला म्हातारा. हाताचे पंजे सुपाएवढे. त्यांनी चष्मा लावून प्रोग्रॅम बुकमधलं आपलं अर्धं पान वाचलं, परत वाचलं आणि नातवाला मोठ्याने विचारलं की सागरी व्यापार कोणी केला, आपल्या घरात तर कोणाला पोहताही येत नाही.

सगळे हसले. काकूंनी घाईघाईने मला पुढे केलं. "हा आमचा जर्मन स्कॉलर. यानेच रिसर्च केला." रिसर्च त्यांचा होता, खापर माझ्यावर फुटलं.

म्हाताऱ्याने मला शेजारी बसवून घेतलं. मी खरं ते सांगितलं. दोर वळणारे. ताग, चक्र, लांब गल्ली, उलट पावली चालणं. त्यांचे डोळे लकाकले. सागरी व्यापारापेक्षा त्यांना हे कितीतरी पटलं. काकूंना ते पटलं नाही हे त्यांच्या हसण्यावरून दिसत होतं. मग म्हाताऱ्याने, अगदी सहज, जिलबी मोडता मोडता विचारलं, "सो व्हॉट वुड आय बी, बॅक इन युवर कंट्री? तुमच्याकडे दोर वळणाऱ्याला काय म्हणतात?"

तिथल्या प्रत्येक मराठी माणसाला उत्तर माहीत होतं. सगळ्यांनी ताटात बघायला सुरुवात केली.

"ओह, वी डोन्ट हॅव दॅट," काकू म्हणाल्या.

"एंटरप्रेनर," कोणीतरी मागून म्हणालं.

मी आप्पांकडे पाहिलं. ते समोर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी किंचित मान हलवली. नको. ती हललेली मान बघून माझं डोकं सटकलं. या माणसाला आणखी किती वर्षं मान हलवायला लावायची?

"मांग," मी म्हणालो. "यू वुड बी अ मांग."

"मांग," म्हाताऱ्याने म्हणून पाहिलं. त्यांच्या तोंडी तो शब्द पुलाव किंवा मँगोसारखा निघाला, काहीतरी चांगलं असल्यासारखा. त्यांनी तो दोनदा घोळवला, खूश होऊन मांडीवर थाप मारली आणि हात पुसत उठले. शेजारच्या बाईंपुढे हात केला. "हाय! आय ॲम अ मांग!"

बाईंनी हात पुढे केला. करणार काय? व्याह्यांकडचा माणूस, त्यातून गोरा. म्हातारा पुढच्याकडे वळला, मग त्याच्या पुढच्याकडे. एकेकाच्या घाऱ्या डोळ्यांत बघून, एकेक वतनदार हात आपल्या सुपाएवढ्या पंज्यात घेऊन, तो आनंदाने सांगत सुटला. आणि माणसं हसत होती, माना डोलवत होती, "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस" म्हणत होती. जे वाक्य मला पाच वर्षांत एकदा उच्चारता आलं नाही, ते त्याने दोन मिनिटांत बारा लोकांना ऐकवलं.

काकूंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"अरे, चांगल्या दिवशी तोच शब्द सापडला तुला?"

"दुसरा शब्द नाही, काकू."

"नाही कसा? कारागीर म्हणायचं. बारा बलुतेदार म्हणायचं. आणि तुला रे काय माहीत, कोण काय वळतं ते?"

"माझे आजोबा वळायचे. आम्ही मांग आहोत, काकू."

हे वाक्य म्हणताना आभाळ कोसळेल असं मला कायम वाटत आलं होतं. कोसळलं नाही. काकूंच्या हातात भाताचा डाव होता तो तसाच राहिला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, ओळखीच्या माणसाचा फोटो ताडून पाहावा तसं.

"वाटत नाहीस रे," त्या म्हणाल्या.

प्रेमाने म्हणाल्या. त्यात कणभर वाकडेपणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

"आम्ही असलं काही मानत नाही हं," त्या लगेच म्हणाल्या. "तुला माहीतच आहे. इतकी वर्षं येतोस-जातोस." मग कपाळावर आठी पडली. "पण मग गणपतीत काश्यप का सांगितलंस?"

मला हसावं की रडावं कळेना. "जावयालाही तेच दिलंय, काकू."

"त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला माहीत नव्हतं."

त्यांच्या मते खोटं मी बोललो होतो, आणि तेवढं त्यांचं बरोबरच होतं. मी तो वाद सोडून दिला आणि जे पाच वर्षं घशात अडकलं होतं ते विचारलं. "उद्या तीनला पोरीला पाठवू ना?"

"पाठव की," काकू म्हणाल्या. पण लगेच म्हणाल्या नाहीत. मधे त्यांनी डाव खाली ठेवला, ओट्यावर सांडलेली दोन शितं उचलली, हात धुतले, आणि मग म्हणाल्या. त्या मधल्या वेळाबद्दल मी त्यांना पुढे कधी बोललो नाही, आणि पोरगी दुसऱ्या दिवशी तिथे गेली. देवघराचं दार त्या दिवशी उघडं होतं की लोटलेलं, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, खरं सांगतो.

आम्ही बाहेर आलो तेव्हा म्हातारा खोलीची फेरी पूर्ण करत आणत होता. शेवटची खुर्ची आप्पांची होती. मी पुढे व्हायला गेलो, पण मधे माणसं होती, ताटं होती. म्हातारा आप्पांपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"हाय! आय ॲम अ मांग!"

आप्पा उठून उभे राहिले. साहेब समोर आला की उठायची त्यांची पोस्टातली सवय. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे, मग त्या पुढे आलेल्या पंजाकडे. उजवा हात शर्टाला पुसला. पोस्टातलं जेवढं इंग्रजी उरलं होतं तेवढं गोळा केलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी टू, सर. ओरिजिनल."

"नो किडिंग!" म्हातारा ओरडला, आणि त्याने हातबीत सोडून आप्पांना कडकडून मिठीच मारली. इस्त्रीचा शर्ट पार चुरगळला. आप्पांचे दोन्ही हात आधी नुसतेच लोंबत होते, मग हळूहळू वर आले आणि त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर टेकले. जात कळल्यावर माझ्या वडिलांना कोणी मिठी मारलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो, आणि ती मारली होती जात म्हणजे काय हे ठाऊकच नसलेल्या माणसाने.